रिनोव्हेशननंतर भिंतीला ओल का येते? पाणी नेमकं मुरतंय कुठे?

लादी बदलली, पाइपलाइन नवी टाकली, भिंतींना पुट्टी आणि महागातला रंग झाला. वास्तुशांतीचे फोटो फॅमिली ग्रुपवर गेले. आणि दोन-तीन महिन्यांत बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर हाताच्या पंजाएवढा पिवळसर डाग उमटला. आठवड्याभरात रंग फुगला, पोपडे निघू लागले. कंत्राटदाराला फोन केला तर उत्तर ठरलेलं: ‘पावसाळी हवेमुळे होतं, वॉटरप्रूफ रंगाचा एक हात मारून देतो.’

मुंबई, ठाणे, पुण्यात जुना फ्लॅट नव्याने करून घेतलेल्या अनेकांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. लाखो रुपये घालून झाल्यावर आलेला डाग जास्त खुपतो, कारण काम करण्याआधी तिथे ओल नव्हती. पण हीच गोष्ट शोध घेताना सगळ्यात उपयोगी पडते. आधी नव्हती आणि आता आहे, म्हणजे कामात काहीतरी बदललं. ते काय बदललं हे कळण्याआधीच रंग मारला, तर पुरावा झाकला जातो आणि पाणी आपलं काम करत राहतं.

डाग एकीकडे, गळती दुसरीकडे

भिंत आपल्याला सलग, घट्ट वाटते. प्रत्यक्षात वीट, सिमेंटचा गिलावा आणि काँक्रीट या तिन्हींमध्ये बारीक छिद्रांचं जाळं असतं. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं पाणी या छिद्रांतून सरकतं. खाली उतरतं, आडवं पसरतं, वरसुद्धा चढतं. स्लॅबवर आलेलं पाणी उताराच्या दिशेने काही फूट वाहत जाऊन भलत्याच कोपऱ्यात बाहेर पडू शकतं. विजेच्या वायरिंगसाठी भिंतीत आणि स्लॅबमध्ये टाकलेले पाइप तर पाण्याला आयता रस्ता देतात. म्हणून कधी कधी पहिला थेंब बाथरूमपासून लांब, हॉलमधल्या पंख्याच्या हुकातून पडतो.

थोडक्यात, डाग म्हणजे पाणी बाहेर पडण्याची जागा. आत शिरण्याची जागा तीच असेल असं नाही. डागावर छिन्नी चालवून ‘इथे तर काही पाइप नाही’ असा निष्कर्ष काढणं म्हणूनच घाईचं ठरतं.

गळती छोटी असली की ती लक्षात यायलाही वेळ लागतो. सेकंदाला एक थेंब गळणारा सांधा दिवसाला साधारण ४ लिटर पाणी सोडतो. नळाखाली हे पाणी बादलीत दिसेल, भिंतीत मात्र ते गुपचूप मुरतं. वर नवी पुट्टी आणि प्लास्टिक रंगाचा थर असेल तर बाष्प सहज बाहेर पडत नाही. ओल आतल्या आत पसरते आणि जिथे रंग सगळ्यात कच्चा, तिथे फुटते. पूर्वीच्या चुन्याच्या किंवा साध्या डिस्टेंपरच्या भिंती थोडी ओल सहज बाहेर टाकत. गुळगुळीत, चकचकीत भिंतीला ते जमत नाही.

पहिला संशयित: बाथरूम

जुन्या इमारतींमध्ये बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली घेतलेला असतो. त्याला ‘संकन स्लॅब’ म्हणतात. त्या खोलगट भागात आधी वॉटरप्रूफिंगचा थर, मग पाइप, मग विटांचे तुकडे आणि सिमेंट घालून केलेला कोबा आणि सगळ्यात वर लादी असते. पाणी अडवण्याचं खरं काम लादी करत नाही, ते खालचा थर करतो. लादी आणि तिच्या सांध्यांतलं ग्राउट पाण्याचा मोठा भाग वरच्या वर वाहून जाऊ देतात, एवढंच.

लादी बदलताना ब्रेकर मशीन चालतं. जुनी लादी उखडताना कोब्याला हादरे बसतात, कधी त्याचे तुकडेही निघतात. २५-३० वर्षं शांत बसलेला थर फुटला, की त्यावर नुसतं सिमेंट फासून नवी लादी बसवणं म्हणजे फाटकी छत्री इस्त्री करून वापरणं. वॉटरप्रूफिंग नव्याने, पूर्ण आणि भिंतीवर किमान फूटभर चढवून करावं लागतं. शॉवरच्या भागात त्याहून बरंच वर. कोटेशनमध्ये मात्र ही ओळ पुष्कळदा ‘वॉटरप्रूफिंग केमिकल - १ नग’ अशी उरकलेली असते. कुठल्या भागात, किती थर, चाचणी कशी, याचा पत्ता नसतो.

ही चाचणी सोपी आहे. वॉटरप्रूफिंग झाल्यावर, लादी बसवण्याआधी, नहाणी ट्रॅपचं तोंड बंद करून बाथरूममध्ये दोन-तीन इंच पाणी साठवायचं आणि किमान ४८ तास ठेवायचं. खालच्या घरात जाऊन छत तपासायचं, आपल्या बाजूच्या भिंती पाहायच्या. काम दोन दिवस थांबतं म्हणून ही चाचणी टाळली जाते. गणपतीच्या आधी किंवा लग्नाच्या तारखेआधी घर ताब्यात हवं असतं तेव्हा तर हमखास.

‘टाइलवर टाइल’ हा पर्याय सध्या बराच चालतो. जुनी लादी न फोडता तिच्यावरच अ‍ॅडहेसिव्हने नवी बसवायची. तोडफोड नाही, धूळ कमी आणि जुना कोबा शाबूत राहतो, हा त्याचा खरा फायदा. पण जुना थर आधीच झिरपत असेल तर तो झिरपतच राहणार. शिवाय जमिनीची पातळी वर येते आणि नहाणी ट्रॅप खाली राहतो. जुन्या ट्रॅपचं तोंड आणि नवी लादी यांच्यातली ती फट नीट भरली नाही, तर रोजच्या अंघोळीचं पाणी लादीखाली शिरतं. अशी ओल शोधायला भलभले प्लंबर चकतात, कारण पाइप सगळे ठणठणीत असतात.

आता पाइपांबद्दल. जुने जीआय पाइप काढून सीपीव्हीसी टाकणं हा योग्यच निर्णय आहे, कारण हे पाइप गंजत नाहीत. पण त्यांचे सांधे सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवतात आणि ते पक्के व्हायला वेळ द्यावा लागतो. दुसरी बाब गरम पाण्याची. गिझरचं पाणी वाहताना पाइप २५ अंशांवरून ६० अंशांवर गेला, तर ३ मीटरचा सीपीव्हीसी पाइप सुमारे ७ मिलिमीटर लांबतो. पाणी बंद झालं की पुन्हा आखडतो. हे रोज दोनदा-चारदा होतं. पाइप चहूबाजूंनी सिमेंटमध्ये घट्ट चिणला असेल तर हा सगळा ताण कोपऱ्यातल्या एल्बोवर आणि पितळी आटे असलेल्या सांध्यावर येतो. कामाच्या दिवशी कोरडा दिसलेला सांधा तिसऱ्या महिन्यात पाझरतो, त्याचं एक कारण हे.

म्हणून भिंतीतल्या खाचा बुजवण्याआधी प्रेशर टेस्ट हवी. हातपंपाने पाइपात दाब भरायचा आणि काही तास, शक्य असेल तर रात्रभर, गेजचा काटा जागचा हलतो का ते पाहायचं. आणि खाचा बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढायचा, मोजण्याची टेप फ्रेममध्ये धरून. कारण त्यानंतर येतो आरसा लावणारा, मग टॉवेलचा रॉड लावणारा, मग काचेचं पार्टिशन बसवणारा. ड्रिल पाइपात घुसलं की स्क्रूच भोक बुजवतो आणि गळती हळूहळू सुरू होते. त्या माणसाला पाइप कुठून गेलाय ते माहीत नसतं. फोटो असेल तर दाखवता येतं.

गळती नाही, तरी ओल

प्रत्येक डाग म्हणजे गळती नव्हे. कधी कधी भिंतीतलं पाणी आपणच तिथे ठेवलेलं असतं.

एक ढोबळ हिशोब करून पाहू. १५ मिलिमीटर जाडीच्या गिलाव्याला एका चौरस मीटरमागे साधारण साडेपाच किलो सिमेंट आणि साडेतीन लिटर पाणी लागतं. यातलं वजनाच्या पाव हिस्स्याच्या आसपास, म्हणजे साधारण दीड लिटर पाणी सिमेंट रासायनिक प्रक्रियेत कायमचं बांधून घेतं. उरलेलं दोन लिटर पाणी हवेत उडून जायला हवं. दहा बाय दहाच्या एका खोलीच्या भिंती, दारं-खिडक्या वगळून, ३० चौरस मीटरच्या आसपास भरतात. म्हणजे फक्त गिलाव्यातून सुमारे ६० लिटर. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे तीन जार एका खोलीत! त्यात सात दिवस भिंतीवर मारलेलं क्युरिंगचं पाणी आणि पुट्टीतलं पाणी वेगळं.

मे महिन्यातल्या कोरड्या वाऱ्यात हे पाणी काही आठवड्यांत उडून जातं. जुलैमध्ये, मुंबईसारख्या हवेत, खिडक्या बंद ठेवून, ते जाणार कुठे? नव्या सिमेंट गिलाव्याला रंगाआधी किमान २८ दिवस द्यावेत, पावसाळ्यात त्याहून जास्त. इथे दहाव्या दिवशी पुट्टी आणि विसाव्या दिवशी रंग होतो. मग अडकलेलं पाणी पुट्टी ढकलत बाहेर येतं. ताजं सिमेंट तीव्र अल्कलीयुक्त असतं, तेही रंगाला सोसत नाही.

या ओलीसोबत क्षारही येतात. भिंतीवर दिसणारी पांढरी, कापसासारखी भुकटी ही बुरशी नसते. तो लोणा. वीट, रेती, सिमेंट यांतले क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागापर्यंत येतात, पाणी उडतं आणि क्षाराचे स्फटिक मागे राहतात. स्फटिक रंगाच्या आत तयार झाले तर ते रंगाला मागून ढकलतात. झाडूने झाडला आणि हळूहळू कमी होत गेला, तर लोणा सुकत चाललेल्या भिंतीचा असतो. पुन्हा पुन्हा तितकाच आला तर पाणी येतच आहे असं समजावं. तो ओल्या फडक्याने पुसण्याची चूक मात्र करू नका, क्षार पुन्हा विरघळून आत जातात.

जिप्सम प्लास्टरचा मुद्दा इथेच सांगायला हवा. जिप्समला पाणी मारावं लागत नाही, भिंत आरशासारखी गुळगुळीत होते, काम झटपट उरकतं. म्हणून ते लोकप्रिय आहे आणि कोरड्या भिंतीवर त्यात गैर काही नाही. पण जिप्सम पाण्यात थोडं का होईना विरघळतं आणि ओलं राहिलं की मऊ पडतं. बाथरूमच्या मागची भिंत, किचन सिंकची भिंत आणि पावसाचा मार झेलणारी बाहेरची भिंत, या तिन्हींवर ते नको. या ठिकाणी सिमेंटचा गिलावाच बरा, मग कंत्राटदार काहीही म्हणो.

एसी, खिडक्या आणि बंद केलेली बाल्कनी

नव्या घरात दोन गोष्टी हमखास वाढतात: एसी आणि हवाबंद खिडक्या.

एसी हवेतली आर्द्रता खेचून तिचं पाणी करतो. पावसाळी हवेत रात्रभर चाललेल्या एसीतून काही लिटर पाणी निघतं. पूर्वी हा पाइप खिडकीतून लटकलेला दिसायचा. आता तो ‘दिसू नये’ म्हणून भिंतीत घेतात आणि बऱ्याचदा पुरेसा उतार न देता. पाइपात शेवाळ किंवा कचरा अडकला की पाणी उलटं फिरतं. डाग एसीच्या खाली किंवा पाइपाच्या रेषेत असेल आणि एसी आठवडाभर बंद ठेवल्यावर फिकटत असेल, तर प्लंबरला नको, एसीवाल्याला बोलवा.

दुसरा प्रकार फसवा आहे. पावसाळ्यात हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर साधारण २५ अंशांच्या पृष्ठभागावर दव धरायला सुरुवात होते. बेडरूममध्ये एसी १८-२० वर रात्रभर चालला, की त्याच भिंतीची हॉलकडची बाजू या मर्यादेच्या आसपास येते. त्या बाजूला कपाट किंवा सोफा अगदी टेकवून ठेवला असेल तर तिथे हवा खेळत नाही आणि भिंत आणखी गार राहते. मग कपाटामागे काळे ठिपके, कुबट वास, कपड्यांवर बुरशी. इथे ना पाइप फुटलाय ना छत. पाणी हवेतूनच आलं. बंदिस्त केलेल्या बाल्कनीत कपडे वाळत घालणाऱ्या घरांत हे जास्त दिसतं, कारण कपड्यांतलं सगळं पाणी घरातच राहतं. उपायही तसाच साधा आहे: कपाट भिंतीपासून तीन-चार इंच पुढे, एक्झॉस्ट पंखा चालू आणि एसीचं तापमान २४-२५.

खिडक्या बदलताना आणखी एक छोटी गोष्ट बिघडते. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात. ट्रॅकमध्ये साचलेलं पावसाचं पाणी त्यांतून बाहेर जातं. रंगकाम किंवा सीलंट मारताना ती बुजली, की पाणी ट्रॅक भरून आत उतरतं आणि खिडकीखालची भिंत भिजते. एक टाचणी आणि पाच मिनिटं एवढाच हा खर्च. खिडकीखालच्या ग्रॅनाइटचा उतार आत असेल तर मात्र काम वाढतं. एसीच्या आणि किचन चिमणीच्या पाइपांसाठी बाहेरच्या भिंतीला पाडलेली भोकंही तपासा. नुसत्या फोमने बुजवलेलं भोक उन्हात टिकत नाही, पहिल्या-दुसऱ्या पावसात ते उघडं पडतं.

गावच्या घराचं गणित वेगळं

कोकणातलं जांभ्याचं घर किंवा देशावरचं दगड-मातीचं घर ‘पक्कं’ करून घेण्याची लाट गेल्या काही वर्षांत जोरात आहे. शेणाने सारवलेली जमीन किंवा शहाबादी फरशी काढून व्हिट्रिफाइड टाइल्स, मातीचा-चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंट, अंगणात पेव्हर ब्लॉक. पुढच्या पावसाळ्यात भिंतींना जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत ओल चढते. लोक म्हणतात, पूर्वी अशी ओल नव्हती.

पूर्वीही जमिनीतून ओल येतच होती. पण मातीची जमीन आणि चुन्याचा गिलावा तिला हवेत सोडून देत होते. आता जमिनीवर काचेसारखी लादी आणि भिंतीवर घट्ट सिमेंट आहे. ओलीला सुटायला जागा नाही, म्हणून ती भिंतीतून वर चढते आणि सिमेंटचा थर जिथे संपतो तिथे बाहेर येते. पेव्हर ब्लॉकमुळे अंगणाची पातळी जोत्याच्या जवळ आली असेल तर भर पडते: पागोळ्यांचं पाणी थेट भिंतीवर उडतं. अशा भिंतीवर वॉटरप्रूफ रंगाचे थर चढवत जाणं म्हणजे आजार वर ढकलणं. अंगण जोत्यापेक्षा खाली घेणं, पागोळीचं पाणी लांब नेणं आणि भिंतीच्या खालच्या भागाला पुन्हा चुन्याचा गिलावा देणं, हे जास्त टिकतं. चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळवणं सोपं नाही, हेही खरं.

शोध कसा घ्यायचा?

सगळ्यात आधी पेन्सिल. डागाची कड आखा, शेजारी तारीख लिहा, फोटो काढा. दर तीन-चार दिवसांनी हेच करा. दोन आठवड्यांत डागाचा स्वभाव कळतो. नव्या गिलाव्याची ओल हळूहळू आत आक्रसत जाते. पाऊस-ऊन काहीही असो, डाग रोज तसाच किंवा मोठा होत असेल तर दाबाखालच्या, म्हणजे नळाच्या पाइपावर संशय घ्या. सकाळी अंघोळी आटोपल्या की गडद आणि घर चार दिवस बंद ठेवलं की फिका, तर नहाणी, ट्रॅप किंवा वॉटरप्रूफिंग. पावसाच्या मोठ्या सरीनंतर काही तासांनी वा दिवसाने वाढणारा डाग बाहेरच्या भिंतीचा किंवा गच्चीचा.

हवेतली ओल की भिंतीतली, हे ठरवायला फूटभर जाड प्लास्टिकचा तुकडा पुसून कोरड्या केलेल्या भागावर चारही बाजूंनी टेपने चिकटवा. एक-दोन दिवसांनी पाहा. प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला पाणी धरलं असेल तर ते खोलीतल्या हवेतलं. आतल्या बाजूला असेल तर भिंतीतलं.

पाइपवरचा संशय पक्का करायला घरातले सगळे नळ बंद करा, फ्लशच्या टाकीचा कॉक बंद करा आणि घराला स्वतंत्र मीटर असेल तर त्याचा आकडा रात्री आणि पहाटे टिपा. मीटर नसेल तर घराची मुख्य लाइन दोन दिवस फक्त गरजेपुरती उघडा आणि डागावर लक्ष ठेवा. बाथरूमसाठी आधी दोन दिवस ते अजिबात वापरू नका, नळाची लाइन मात्र चालू ठेवा. डाग वाढला तर गळती नळाच्या पाइपाची. नाही वाढला तर ट्रॅप बुजवून पाण्यात खाण्याचा रंग घाला आणि इंचभर पाणी साठवा. त्यानंतर ट्रॅप उघडून बादल्या ओता. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, एवढं पथ्य पाळलं तर फोडाफोड निम्म्याहून कमी जागेत होते.

लिकेज शोधून देणारे व्यावसायिक मॉइश्चर मीटर आणि थर्मल कॅमेरा घेऊन येतात. दोन्ही कामाची साधनं आहेत, पण त्यांना पाणी ‘दिसत’ नाही. पिनवाला मीटर भिंतीचा विद्युतरोध मोजतो, त्यामुळे लोणा असलेल्या कोरड्या भिंतीवरही तो ओल दाखवू शकतो. थर्मल कॅमेरा तापमानातला फरक दाखवतो. निळा पट्टा म्हणजे गार जागा, ओली असेलच असं नाही. गरम पाण्याची गळती शोधायला मात्र तो फार उपयोगी आहे. नुसती रंगीत छायाचित्रं दाखवून लगेच इंजेक्शन ग्राउटिंगचं कोटेशन पुढे करणाऱ्याला, वरच्या साध्या चाचण्या केल्या का, एवढं विचारा.

थांबून चालत नाही असे प्रसंग

डाग स्विचबोर्डजवळ असेल, बोर्डाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील किंवा आरसीसीबी वारंवार पडत असेल, तर त्या भागाचा वीजपुरवठा बंद करून आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडतो तो त्रास द्यायला नव्हे. तो काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

छताला ओल येऊन काँक्रीटचा पापुद्रा सुटत असेल, गंजाच्या तपकिरी रेषा दिसत असतील, तर विषय रंगाच्या पलीकडे गेला. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. तिथे स्ट्रक्चरल इंजिनीअर लागतो. घरात दम्याचे रुग्ण किंवा लहान मुलं असतील तर बुरशीही हलक्यात घेऊ नये. घरातली ओल आणि बुरशी यांचा दमा व श्वसनाच्या तक्रारींशी संबंध असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २००९च्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद केलं आहे.

खर्च कोणाचा?

भांडणं इथे होतात. खालचे म्हणतात वरच्यांनी बाथरूम फोडलं म्हणून, वरचे म्हणतात इमारतच जुनी. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींची ढोबळ विभागणी अशी: गच्ची, बाहेरच्या सामायिक पाइपलाइन आणि पावसाच्या पाण्याची गळती हे संस्थेच्या खर्चाचे विषय, तर संडास, बाथरूम, सिंक यांच्या अंतर्गत गळतीचा भार संबंधित सदनिकाधारकांवर येतो. तुमच्या संस्थेने स्वीकारलेले उपविधी मागवून तो परिच्छेद वाचा आणि तक्रार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर न टाकता सचिवांकडे लेखी द्या. पेन्सिलच्या रेघांचे तारीखवार फोटो इथे कामी येतात.

नवीन इमारतीत फ्लॅट घेऊन ताबा मिळताच बाथरूमची लादी बदलणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रेरा कायद्याच्या कलम १४(३)नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष दाखवून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. पण तुम्ही स्वतःच कोबा फोडला असेल, तर दोष कोणाचा, यावर वाद घालायला विकासकाला जागा मिळते. त्यामुळे तोडण्याआधी मूळ बाथरूममध्ये पाणी साठवून चाचणी करा, तिचा व्हिडिओ ठेवा. बिल्डरची लादी आवडली नाही म्हणून सहा महिन्यांत ती उखडायची हौस मला तरी परवडण्यासारखी वाटत नाही.

कंत्राटदाराविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, त्यासाठी २०१९च्या कायद्यानुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. अडचण पुराव्याची असते. काम तोंडी ठरलेलं, पैसे रोखीने दिलेले आणि बिल नाही, अशा स्थितीत बाजू लंगडी पडते. किमान कामाची यादी, वॉटरप्रूफिंगची हमी किती वर्षांची आणि त्यात काय धरलंय, हे कागदावर घ्या. शेवटचा १०-१५ टक्के हप्ता एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवायचं आधीच ठरवता आलं तर उत्तम.

दुरुस्ती झाली, मग डाग का जात नाही?

हा प्रश्न हमखास येतो आणि त्यावरून पुन्हा भांडण होतं. संकन स्लॅबमधल्या विटांच्या तुकड्यांत महिनोन्‌महिने पाणी मुरलेलं असतं. गळती बंद झाली तरी ते साठलेलं पाणी उतरत राहतं, खालच्या घरात कित्येक आठवडे ठिबकतं. म्हणून दुरुस्तीनंतर लगेच ‘काम फसलं’ म्हणू नका, पुन्हा पेन्सिल घ्या. कड आत सरकते आहे ना, तेवढं पाहा.

भिंत सुकवताना फुगलेला रंग आणि भुसभुशीत पुट्टी पूर्ण खरवडून काढा, पंखा लावा, खिडक्या उघडा. गिलावा बोटाने कुरतडला जात असेल तर तोही काढावा लागेल. त्या जागी पीव्हीसी पॅनेल, वॉलपेपर किंवा प्लायवूड लावून झाकण्याचा मोह टाळा, मागे बुरशी आणि वाळवी दोन्ही पोसली जातात. लोणा कोरड्या ब्रशने झाडत राहा. प्लास्टिकच्या तुकड्याची चाचणी पुन्हा करा. दोन दिवसांनी आतली बाजू कोरडी निघाली की मग प्रायमर, आणि ऑगस्ट असेल तर रंगाचं काम सरळ दिवाळीच्या आधीच्या कोरड्या आठवड्यांवर ढकला.